कान वाजतात तेव्हा

मराठीत ‘कान वाजणे’ हा वाक्प्रचार ज्या अर्थाने रूढ झाला आहे, तो मोठा चमत्कारिक आहे. कोणी हाक मारली नसताना हाक आल्यासारखे वाटले, दारावर थाप पडली नसताना कोणी उठून कडी काढली, की घरातली वडीलधारी माणसे ‘तुझे कान वाजले असतील’ एवढे बोलून विषय संपवतात. भाषेच्या लेखी कान वाजणे हा भास झाला. ती व्याधी नव्हे आणि तक्रार तर नव्हेच नव्हे. ज्याचे कान खरोखरच वाजू लागतात, त्याची पंचाईत नेमकी येथूनच सुरू होते. ताप आला तर कपाळाला हात लावून पाहता येते, डोळे आले तर ते लाल दिसतात, पाय मुरगळला तर त्याची सूज दिसते. कानात चाललेली शीळ मात्र ज्याची त्यालाच ऐकू येते. साक्षीदार नसलेले हे दुखणे चारचौघांत मांडायचे तरी कसे?

अकोल्याहून पातूरचा घाट ओलांडून वाशीमकडे जाणाऱ्या महामार्गावर, मालेगाव तालुक्यात, मेडशी हे गाव आहे. महामार्गावर मालमोटारींची वर्दळ अहोरात्र असली, तरी आतल्या आळ्यांत रात्र पडली की शहरातल्या माणसाला अनोळखी वाटावी अशी शांतता पसरते. अशा गावातली लग्नसराई डोळ्यांपुढे आणावी. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो. पुढे ट्रॉलीवर ध्वनिक्षेपकांची माणसाहून उंच भिंत रचलेली असते आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या पक्क्या भिंती त्या आवाजाला बाहेर निसटू देत नाहीत. शाळेतले एखादे गुरुजी किंवा पंचायत समितीतला एखादा लिपिक आग्रहाने ओढला जातो आणि पाऊण तास नव्हे, अवघी पंधरा-वीस मिनिटे त्या भिंतीपुढे उभा राहतो. पंगत आटोपून घरी येईपर्यंत कानांत बोळे कोंबल्यासारखे जड वाटत असते. हे दडे हळूहळू सैल होतात आणि त्यांच्या जागी एक बारीक, न तुटणारी शीळ उरते. मध्यरात्री वीज जाते, डोक्यावरचा पंखा थांबतो आणि पंख्याच्या घरघरीत दडून राहिलेली ती शीळ एकाएकी खोलीएवढी मोठी होते.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या माणसाचे कान असेच वाजले, तर लोकलची धडधड, रस्त्यावरचे भोंगे, शेजारचा दूरचित्रवाणी संच यांच्या गलक्यात तो नाद बुडून जातो. मेडशीच्या रात्रीत त्याला बुडायला जागाच नसते. आवाज होता तेव्हा सोसावा लागला आणि तो थांबल्यावर शांतताच छळू लागली, असा हा उलटा न्याय आहे. शिक्षकाला त्याची जाणीव परीक्षेच्या पर्यवेक्षणात होते, कारण तीन तास वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला ती होते, तेव्हा पुस्तकाचे तेच पान चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही. मग भयाची साखळी सुरू होते. हे थांबणार की नाही? उद्या मुलांचे बोलणे ऐकू आले नाही तर? वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलो तर?

सकाळी हे कोणाला सांगावे, तर उत्तरे ठरलेली असतात. कोणी हसतो. कोणी लसूण कढवलेले तेल कोमट करून कानात सोडायला सांगतो. वास्तविक हा बिघाड पडद्याच्या पलीकडे, अंतर्कर्णात असतो. तेल तेथवर पोचत नाही, आणि पडद्याला छिद्र असेल तर ते अपायच करते. कोणी बसस्थानकाजवळच्या कान कोरणाऱ्याकडे बोट दाखवतो. चिंता करणाऱ्याला हवे असते ते यांपैकी काहीच नव्हे. हे का झाले आणि किती दिवस टिकेल, या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे त्याला हवी असतात.

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळसे घेतलेली एक इवलीशी नळी असते. तिच्यात प्रत्येक कानामागे सुमारे १५,००० केशपेशी ओळीने उभ्या असतात. बाहेरच्या ध्वनीने आतला द्रव हलला की या पेशींच्या माथ्यावरचे सूक्ष्म तंतू वाकतात, आणि त्या वाकण्यातून निर्माण झालेला संदेश श्रवणाच्या मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. वाऱ्याने ज्वारीचे पीक डोलावे तसे हे आहे. झोताचा वारा आला की ते आडवे होते. जोराच्या आवाजाने या पेशी थकतात, काही काळ काम सोडतात, म्हणून ऐकू कमी येते. येणारा संदेश क्षीण झाला की मेंदू आपल्या बाजूने संवेदनक्षमता वाढवतो आणि त्या वाढीत त्याला स्वतःचाच गुणगुणाट ऐकू येऊ लागतो, असा शास्त्रज्ञांचा प्रमुख तर्क आहे. दूरचे केंद्र नीट लागत नाही म्हणून रेडिओचा आवाज वाढवत न्यावा आणि गाण्याऐवजी खरखर मोठी व्हावी, तशातलाच हा प्रकार. झोपलेले पीक बहुधा पुन्हा उभे राहते. केशपेशी काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत सावरतात आणि त्यांच्याबरोबर शीळही विरते. जी पेशी मुळातून मोडली ती मात्र माणसात पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांना हे वरदान आहे, माणसाला नाही.

किती आवाज फार म्हणायचा, याचा हिशेब डेसिबलच्या मापाने करतात आणि हे माप फसवे आहे. ८५ आणि १०० यांत अंतर पंधराचेच दिसते. परंतु दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होत असल्याने १०० डेसिबलचा आवाज ८५च्या जवळजवळ बत्तीसपट ऊर्जा कानात ओततो. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९९८ साली शिफारस केली ती याच गणिताने. ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, ८८मध्ये चार, ९४मध्ये एक आणि १०० डेसिबलमध्ये अवघी पंधरा मिनिटे. १०६ला चार मिनिटेही उरत नाहीत. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढचा आवाज शंभरी सहज ओलांडतो. जवळून ऐकलेला ढोलताशाही ओलांडतो, हे जुन्या वाद्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी विसरू नये. उघड्या मैदानात मात्र अंतर दुप्पट केले की साधारण सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे दोन पावलांवर उभा असलेला माणूस चार पावलांवर सरकला तर त्याला चौपट वेळ मिळतो. गल्लीत भिंतींमुळे हा लाभ घटतो, पण नाहीसा होत नाही.

येथे चिंताग्रस्ताने एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही कोष्टके कामगारासाठी केलेली आहेत, रोज आठ तास आणि तेही सबंध नोकरीभर आवाजात राहणाऱ्यासाठी. एका रात्री पंधराची वीस मिनिटे झाली म्हणजे कान गेला, असा त्यांचा अर्थ मुळीच होत नाही. बाँबसारखा क्षणाचा स्फोट ही गोष्ट वेगळी. या पट्ट्यातले शेतकरी रोही आणि रानडुकरे हाकलण्यासाठी रात्री सुतळी बाँब उडवतात. तो कानाशी फुटला तर एकाच दणक्यात पडदा फाटू शकतो आणि केशपेशीही कायमच्या जाऊ शकतात. असा प्रकार घडला तर घरी वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही.

एरवी, अल्पकाळच्या गोंगाटानंतर वाजणारे कान बहुतेक वेळा आपोआप शांत होतात. मग काही जणांची शीळ आठवड्यांनंतरही का टिकते? कानाची इजा हे त्याचे एक कारण झाले, दुसरे कारण चिंतेत आहे. १९५३ साली अमेरिकेत मॉरिस हेलर आणि मो बर्गमन यांनी एक साधा प्रयोग केला. ज्यांना कानाची कोणतीही तक्रार नव्हती अशा ८० निरोगी माणसांना त्यांनी ध्वनिबंद खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते सांगायला लावले. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आले! म्हणजे पुरेशी शांतता मिळाली आणि कान लावून बसले की जवळजवळ प्रत्येक डोके वाजते. फरक इतकाच की इतरांचा मेंदू त्या आवाजाला फुटकळ समजून दाराबाहेर उभा करतो. पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० साली याचीच उपपत्ती मांडली. मेंदूने एखाद्या नादावर ‘धोका’ असा शिक्का मारला की तो त्याच्यावर पहारा बसवतो आणि पहारेकऱ्याला तो नाद अधिकच ऐकू येऊ लागतो. रात्री दहा वेळा उठून ‘अजून वाजतो आहे का?’ असे तपासणारा माणूस अजाणता त्या पहाऱ्याची मुदत वाढवत असतो.

जुन्या पिढीला याचा अनुभव होता. हिवतापावर कोयनेल घेण्याच्या काळात औषधाबरोबर कान वाजू लागायचे, हे घरोघर ठाऊक होते. कोयनेल सुरू आहे म्हणून कान वाजतात आणि ते थांबले की वाजायचे थांबतील, इतके ज्ञान पुरे होई. त्यापायी कोणाची झोप उडत नसे. नाद तोच असतो, परंतु कारण कळलेले असले आणि शेवट दिसत असला की त्याची नांगी मोडते.

आयुर्वेदाने या दुखण्याला भास म्हटले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत आणि त्यांत कर्णनाद व कर्णक्ष्वेड अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत. पहिल्यात भेरी, मृदंग, शंख यांसारखे तऱ्हेतऱ्हेचे ध्वनी, तर दुसऱ्यात वेणूसारखा सूर. रोग्याचे बोलणे मन लावून ऐकल्याखेरीज इतका बारीक भेद कोणाला करता आला असता? दुसरीकडे हठयोगाच्या ग्रंथांतून साधकाला आत ऐकू येणाऱ्या नादांची यादी आढळते, त्यातही समुद्र, मेघ, भेरी, शंख, घंटा, वेणू, वीणा आणि भ्रमर आहेत. दोहोंची गल्लत करण्याचे कारण नाही. तरीही ज्या जातीचा नाद ऐकू यावा म्हणून योगी वर्षानुवर्षे कान लावून बसतो, त्याच जातीचा नाद लिपिकाला एका रात्रीत हैराण करून सोडतो, ही मौज नोंदवण्यासारखी आहे. वैद्यांचे सूक्ष्म निरीक्षण ग्रंथात राहिले आणि व्यवहारात ‘कान वाजले असतील’ एवढेच उरले.

तथापि, हा दिलासा वाचून कोणी पुढच्या वरातीत पुन्हा भिंतीपुढे जाऊन उभे राहू नये. बोस्टनमधील शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी २००९ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगात एक अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली. दोन तासांच्या गोंगाटानंतर उंदरांची श्रवणशक्ती काही दिवसांत पूर्ववत झाली, केशपेशी शाबूत राहिल्या, परंतु त्या पेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे दुवे मात्र मोठ्या प्रमाणात कायमचे तुटले होते. माणसात हे कोणत्या प्रमाणात घडते याविषयी मतभेद आहेत. तरीही शीळ थांबली म्हणजे हिशेब फिटला, असे छातीठोकपणे म्हणण्याची सोय त्या प्रयोगाने ठेवली नाही. कान वाजणे ही कानाने दिलेली सूचना होय. एकदा मिळाली तर समजून घ्यावी; दर लग्नसराईत मिळत असेल तर सूचना देणाऱ्याचा दोष नव्हे.

ज्याचे कान वाजू लागले आहेत त्याने करावयाचे ते थोडकेच आहे. पुढचे काही दिवस मोठा आवाज टाळावा. कानात तेल, काडी, पाणी काही घालू नये. रात्री निःशब्द खोलीत त्या शिळेशी झुंजत पडण्यापेक्षा पंखा चालू ठेवावा किंवा रेडिओ अगदी बारीक लावावा. एका आवाजाच्या आडोशाला दुसरा आवाज ठेवण्याची ही युक्ती नवी नाही. झां इतार या फ्रेंच वैद्याने १८२१ सालच्या आपल्या ग्रंथात ती सुचवली होती. कानांवर हात दाबून सतत चाचपणी करू नये. आठवडा-दोन आठवडे उलटूनही नाद गेला नाही, तर कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र एक दिवसही दवडू नये, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच गुणकारी ठरतात. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, चक्कर येत असेल किंवा कान वाहत असेल, तरीही थांबू नये. नाद घालवणारी गोळी अद्याप निघालेली नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ साली यासाठी जस्त किंवा गिंको यांच्या गोळ्या देऊ नयेत असेच सांगितले आणि त्रास टिकून राहिलेल्यांसाठी विचारांची दिशा बदलणाऱ्या मानसोपचाराची शिफारस केली. जाहिरातींतल्या थेंबांवर पैसे घालवणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

गाव मेडशी असले की ‘डॉक्टरांना दाखवावे’ हे वाक्य लिहिणे सोपे आणि पाळणे अवघड ठरते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ताप-खोकल्याची सोय होते, श्रवणचाचणीची खोली तेथे अपेक्षित नसते. वाशीम किंवा अकोला गाठायचे म्हणजे एक रजा, एस. टी.चे भाडे आणि दिवसभराची रांग. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन व्हायला २०२४ साल उजाडले. बहिरेपणाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून कागदावर आहे. केवळ मनाचे समाधान करून घेण्यासाठी अर्धा दिवस खर्चावा लागतो, म्हणून लोक जात नाहीत. आणि जात नाहीत म्हणून ही तक्रार कोणत्याच नोंदवहीत दिसत नाही.

कापसाच्या मुलखात कानात कापसाचा बोळा घालण्याची पद्धत असावी हे स्वाभाविक आहे, परंतु कापूस आवाज फारच थोडा अडवतो. फोमचे मऊ बोळे नीट बसवले तर वीस-पंचवीस डेसिबल कमी होतात आणि त्यांची किंमत एका चहा-फराळाहून अधिक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली संगीताच्या जलशांसाठी मानक ठरवले, त्यात सरासरी १०० डेसिबलची कमाल मर्यादा आहे, श्रोत्यांना असे बोळे पुरवण्याची सूचना आहे आणि कानांना विसावा मिळावा म्हणून शांत जागा राखण्याचीही आहे. लग्नाच्या मांडवात अक्षता वाटतात तसे कोणी बोळे वाटले तर आज हसतील. निमंत्रणपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असे पहिल्यांदा छापले तेव्हाही हसलेच असतील.

कायद्याची उणीव आहे असे कोणी म्हणू नये. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाचा आवाज कोणत्याही स्थितीत ७५च्या वर नाही, असे त्यांत स्वच्छ लिहिले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर, यंत्रणेला वेळोवेळी बजावले आहे. जानेवारी २०२५ मध्ये तर तक्रारदाराची ओळख विचारण्याचा आग्रह धरू नये, असेही उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितले. शहरात या तरतुदीला अर्थ आहे. गावात वरात भावकीतली असते, ट्रॉली शेजाऱ्याची असते, आणि दूरध्वनी कोणी केला हे पोलिसांची गाडी पोचण्याआधीच पारावर ठरलेले असते.

आणि ध्वनिक्षेपकाची ती भिंत ज्याची असते तो कोणी खलपुरुष नव्हे. बहुधा तो शिक्षण संपूनही नोकरी न लागलेला, कर्ज काढून यंत्रे घेतलेला तरुण असतो. चार महिन्यांच्या सराईत त्याला वर्षाचे हप्ते भागवायचे असतात आणि ‘आवाज कमी पडला’ म्हणून पैसे कापणारे वरपक्ष त्याला नित्य भेटतात. पाहुणे वीस मिनिटे उभे राहून घरी जातात. तो आणि त्याची दोन-तीन पोरे सगळी वरात, रोजची रोज, त्या भिंतीला टेकून असतात. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून नोंदले गेले होते. ट्रॉली म्हणजे कारखाना नव्हे. त्या पोरांच्या कानांची चाचणी कोणी घेतलेली नसते आणि त्यांचे कान वाजतात का, हेही त्यांना कोणी विचारलेले नसते.